दगड हललेले नाहीत

‘‘काकूंचा हात आजारामुळे सतत थरथरत असे. त्यांनी काढलेला एक हललेला फोटो एका रविवारी चर्चेला आला. तो कोणाचा हे आम्हांला ठाऊक नव्हते, आणि आम्ही नेहमीच्या प्रामाणिकपणे मते दिली. वकीलकाका मात्र भडकले व बैठक उधळून त्यांनी सर्वांना घराबाहेर काढले. पुढे आजार बळावल्यामुळे काकूंनी कॅमेरा कायमचा ठेवून दिला. तरीही तो फोटो आज आम्हा सर्वांना जिद्दीची प्रेरणा देतो.’’

आमच्या पनवेलच्या छायाचित्रण मंडळाने नुकतीच एक स्मरणिका काढली, तिच्यात हा मजकूर आहे. लिहिणारे हेमंत; पेशाने अभियंता, राहणार नवीन पनवेल, मंडळाचे संस्थापक. या मजकुरातील दोन गोष्टी मला मान्य आहेत. फोटो कोणाचा हे त्यांना ठाऊक नव्हते, ही एक. आणि मी भडकलो, ही दुसरी. उरलेला प्रत्येक शब्द मी नाकारतो. पनवेलच्या न्यायालयात मी आयुष्यभर वकिली केली. खोटी साक्ष आणि चुकीची साक्ष यांत फरक असतो, हे मला कळते. हेमंत खोटे बोलत नाहीत. ते चुकीचे बोलतात, आणि चुकीचे बोलणाऱ्या साक्षीदाराला आपण सज्जन आहोत याची पक्की खात्री असल्यामुळे त्याचा उलटतपास अधिक अवघड जातो.

माझ्या या आठवणींचे हस्तलिखित वाचून माझ्या मुलीने विचारले की, बाबा, हे प्रकरण तुमच्या वाढत्या वयाच्या भागात कसे काय घातलेत? तुम्ही तेव्हा साठी ओलांडली होती. मी तिला सांगितले की, विशीत मी फक्त उंच झालो. घरात कोणाचे ऐकायचे असते, आपल्याला येत नाही असे म्हणायचे असते, हे मी ज्या काळात शिकलो तो काळ माझ्या हिशेबी वाढीचा. तो निवृत्तीनंतर आला आणि फार थोडा टिकला. कॅमेराही तिनेच भेट दिला होता. त्यावरची चक्रे आणि कळा पाहून मी तो बरेच दिवस पेटीतून बाहेरच काढला नव्हता.

तळ्यामागच्या आमच्या घराची बैठकीची खोली मोठी होती. अशिलांसाठी ठेवलेल्या खुर्च्या रिकाम्याच होत्या, म्हणून महिन्यातून एका रविवारी मंडळ आमच्याकडे जमू लागले. त्या सकाळी स्वयंपाकघरातून खोबरे खवण्याचा आवाज आला की मी भिंतीवरची तसबीर उतरवून ठेवायचो. त्या मोकळ्या भिंतीवर प्रोजेक्टरचा उजेड पडायचा. फोडणीचा वास बाहेर यायचा तोवर हेमंत वायरी जोडून बसलेले असायचे. रोडपालीचे दत्ता पाटील सर्वांत शेवटी यायचे. नवी मुंबईसाठी जमिनी गेल्यावर त्यांनी मोबदल्यातून इमारत बांधली, भाडेकरू ठेवले आणि खाडीतल्या पक्ष्यांसाठी हातभर लांबीची लेन्स घेतली. ती लेन्स ते मांडीवर तान्ह्या पोरासारखी घेऊन बसत. बँकेत काम करणारी मृणाल वयाने सर्वांत लहान आणि मोजके बोलणारी. आणखीही माणसे येत-जात, पण घडले ते या तिघांसमोर.

बोलणे काय चाले ते आज कोणाला सांगितले तर खरे वाटणार नाही. कॅमेऱ्याची उजेडाची जाण ठरवणारा आयएसओचा आकडा किती ठेवला होता, एवढ्यावर दोन प्रौढ माणसे पोहे थंड होईतो भांडत.

‘‘दत्ताभाऊ, पांढऱ्या बगळ्याला कॅमेरा फसतो. त्याला वाटतं उजेड जास्त आहे, म्हणून तो फोटो काळा करतो. तुम्ही एक्स्पोजर वर घ्यायला हवं होतं.’’

‘‘आरं हेमंत, मी चक्री फिरवाला गेलो का बगला उडाला. बगला थांबतो काय माजेसाठी? त्याला काय नोटीस धारली हाय?’’

‘‘नोटीस वकीलकाका धाडतील.’’

‘‘त्यांची नोटीस गेली तं बगला उरनला पन दिसाचा नाय!’’

मी हसायचो. माझ्याच घरात माझ्यावर कोणी विनोद करावा आणि मी हसावे, हेही नवे होते.

आमच्या मंडळाची एक रीत होती आणि तिचा मला अभिमान होता. फोटो भिंतीवर यायचा तो नावाशिवाय. सगळ्यांचे बोलून होईपर्यंत काढणाऱ्याने तोंड उघडायचे नाही आणि चेहराही पाडायचा नाही. दत्तांना ते जमत नसे. त्यांचा बगळा आला की ते छताकडे पाहू लागत. पण रीत चांगली होती. आपले काम आपल्यासमोर परक्यासारखे उभे राहते आणि लोक त्याच्याविषयी बोलतात, आपल्याविषयी नाही.

नलिनी, माझी पत्नी, या सर्वांत चहापोहे देण्यापुरती असे, अशी सर्वांची समजूत होती. माझीही होती. एका रविवारी सगळे गेल्यावर ती कपबशा उचलता उचलता म्हणाली, ‘‘अहो, तो बगळा काळा पडला तो पाठीमागच्या पाण्यामुळे ना? पाणीच चमकत होतं सगळं.’’ हेमंतांनी कारण बगळ्याचा पांढरा रंग असे सांगितले होते. मी कॅमेरा काढून तिच्यासमोर ठेवला आणि पुस्तिका उघडून पडताळा घेतला. दोघांचेही बरोबर होते, पण त्या फोटोत बगळा चिमूटभर होता आणि पाणी परातभर. तिचे अधिक बरोबर होते.

त्याच्या आधीच्या वर्षी तिला कंपवात झाल्याचे निदान झाले होते. उजवा हात मांडीवर नुसता ठेवला की अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर घासत राहत, जणू ती न दिसणारी वात वळते आहे. हे मी मुद्दाम नीट लिहितो, कारण स्मरणिकेत ‘सतत’ असा शब्द आहे. सतत नाही. हात रिकामा असला की थरथरे. कामाला लागला की थांबे. डॉक्टरांनी आम्हांला पहिल्याच भेटीत समजावून सांगितले होते की या आजाराचा कंप असाच असतो. विश्रांतीत असलेला हात हलतो, वस्तू धरलेला हात बहुधा हलत नाही. तिने विळीवर चिरलेली भेंडी पाहिली असती तर हेमंतांनाही हे कळले असते. त्यांनी पाहिला तो पदराखाली धरलेला हात.

तरीही ती स्वतः सावध होती. तिने जुन्या पोलक्याच्या कापडाची एक पिशवी शिवली, तिच्यात वाल भरले आणि तोंड टाचून टाकले. कॅमेरा त्या पिशवीत दाबून बसवला की कठड्यावर, दगडावर, कुठेही दगडासारखा बसे. बटण दाबताना बोटाचा धक्का नको म्हणून ती टायमर लावायची. बटण दाबायचे, हात काढून घ्यायचा आणि मग कॅमेरा आपल्या आपण टिपायचा. कळा कुठल्या आणि कशासाठी, हे मी पुस्तिकेतून वाचून दाखवत असे आणि ती करून बघत असे. वाचणारा मी आणि समजणारी ती, अशी आमची शाळा दुपारच्या जेवणानंतर भरे. संसाराच्या इतक्या वर्षांत आम्ही दोघे एका पुस्तकावर डोके घालून बसलो ते त्याच दुपारी. आता त्या टेबलावर माझ्या गोळ्यांचे डबे असतात.

आपटा हे तिचे माहेर. एका हिवाळ्यात आम्ही तिच्या भावाकडे मुक्कामाला गेलो. रात्री पोपटी झाली. मडक्यात भांबुर्डीच्या पाल्यात शिजलेल्या वालाच्या शेंगांचा तो धुरकट वास सकाळपर्यंत शालीला होता. उजाडताना ती मला नदीवर घेऊन गेली. सूर्य यायचा होता. पाताळगंगेच्या पात्रात गोटे होते, त्यांतल्या एका मोठ्यावर तिने पिशवी ठेवली आणि बराच वेळ चक्रे फिरवत राहिली. आयएसओ अगदी खाली आणला. ॲपर्चर जितके बारीक होईल तितके केले, म्हणजे उजेड कमी येईल आणि शटर बराच वेळ उघडे ठेवता येईल.

‘‘विजार वर करा आणि पाण्यातून चाला,’’ ती म्हणाली.

‘‘पाणी गार आहे.’’

‘‘कोर्टात उभे राहायचात तसं ताठ नको. चाला. सावकाश.’’

मी चाललो. शटर इतका वेळ उघडे राहिले की त्याचे उघडणे आणि मिटणे मला वेगवेगळे ऐकू आले. घरी येऊन मोठ्या पडद्यावर पाहिले. पात्रातला एकेक गोटा, त्याच्यावरच्या ओल्या रेघेसकट, स्पष्ट होता. आणि त्या गोट्यांमधून धुरासारखा एक म्हातारा निघून चालला होता. त्याला तोंड नव्हते, पाय तर जवळजवळ नव्हतेच. मी म्हटले, ‘‘हा मी?’’ ती म्हणाली, ‘‘हे तुम्ही. आणि हे माहेर. तुम्ही-आम्ही जाणार, ते तिथंच राहणार. मला तसंच हवं होतं.’’ मी तिच्याकडे पाहिले. हवे ते यावे म्हणून आधी चक्रे फिरवून ठेवणारी बाई माझ्या घरात इतकी वर्षे होती.

फोटो मंडळात ठेवायचे तिनेच ठरवले. मी म्हणालो की मी आधी हेमंतांना जरा कल्पना देतो. त्यावर ती इतकी ठाम झाली की मी गप्प बसलो. ‘‘नाव सांगायचं नाही. मला ‘काकू, छान हं’ नकोय. ते मला आयुष्यभर पोह्यांना मिळालंय. परक्याचा म्हणून बघू देत. चांगला नसेल तर नाही म्हणू देत. पण बघू देत.’’ तिला एवढेच हवे होते आणि आमच्या रीतीने ते मिळणार होते. मी शब्द दिला की एक अक्षर बोलणार नाही.

त्या रविवारी तिने तांदळाच्या भाकऱ्या आणि बिरडे केले होते. पोहे नाहीत, हे कोणाच्या लक्षात आले नाही. दोनतीन फोटो होऊन गेले आणि भिंतीवर आपट्याची नदी आली. नलिनी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती.

हेमंत एक क्षणभर पाहून म्हणाले, ‘‘हललाय. पुढचा.’’

‘‘आरं, काढनाऱ्याचा हात हाय का फ्यान?’’ दत्ता म्हणाले. ‘‘दोनावर ठेवलेला!’’

खोली हसली. एकटी मृणाल पुढे झुकली होती. ‘‘पण सर, दगड शार्प वाटतायत मला.’’

‘‘लहान दिसतोय म्हणून वाटतायत. मोठा केला की कळेल. शटर स्पीडकडे लक्ष नाही दिलेलं. बेसिक चूक आहे. असा फोटो डिलीट करायला शिकणं हीसुद्धा फोटोग्राफीच असते.’’

त्यांनी मोठा केला नाही. माझा संपूर्ण दावा या एका गोष्टीवर उभा आहे. कॅमेरा हलला असता तर चित्रातले सगळेच हलले असते, दगडासकट. दगड स्थिर आणि माणूस पुसट, याचा अर्थ कॅमेरा जागचा हलला नव्हता आणि चालला तो माणूस. हे मंडळातल्या नवख्यालाही शिकवले जाते आणि शिकवत ते हेमंतच असत. पण म्हातारी माणसे जमतात त्या घरात पुसट चित्र दिसले की ते हाताने हलले असणार, असे त्यांना न पाहताच कळले. मी गप्प होतो. आयुष्यात मी इतका गप्प कधी बसलो नव्हतो.

मग नलिनी भाकरीची टोपली घेऊन आत आली, ती टेबलावर ठेवली आणि अगदी साधेपणाने म्हणाली, ‘‘हेमंत, मग कसा काढायला हवा होता तो?’’

त्यांना ती चौकशी कौतुकास्पद वाटली. ते तिच्याकडे वळले. ‘‘काकू, जरा टेक्निकल आहे हे. सोपं करून सांगतो. फोटो काढताना सगळ्यात आधी हात स्थिर लागतो.’’ असे म्हणता म्हणता त्यांची नजर तिच्या उजव्या हाताकडे गेली आणि ते घाईने म्हणाले, ‘‘म्हणजे, तुम्हाला नाही म्हणत मी.’’

‘‘स्थिर होता,’’ ती म्हणाली. ‘‘वालाच्या पिशवीवर ठेवला होता. टायमर लावून.’’

रीत मोडली ती तिथे, आणि मोडली ती तिने. मी नाही. पुढे जे झाले त्यावर स्मरणिकेत एक अक्षरही नाही, म्हणून ते मला लिहावे लागते.

मग हेमंत म्हणाले, ‘‘काकू! तुम्ही काढलाय? मग वेगळंच आहे! मग उत्तमच आहे हो! या अशा परिस्थितीत तुम्ही कॅमेरा हातात घेता हेच केवढं...’’ आणि त्यांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. दत्तांचा चेहरा पडला होता. ‘‘काकी, मना माफ करा, माज्या तोंडाला काय हाड नाय,’’ असे ते म्हणाले खरे, पण लगेच तेही टाळ्या वाजवू लागले. ‘‘मस हाय फोटो, एक नंबर हाय. मूड हाय त्याला.’’ भिंतीवर तेच चित्र होते. त्यातला एक ठिपकासुद्धा बदलला नव्हता. थोड्या वेळापूर्वी जे पुसून टाकण्याच्या लायकीचे होते ते आता टाळ्यांच्या लायकीचे झाले, आणि दोन्ही वेळी कोणी ते पाहिलेच नाही.

नलिनी हसली. ‘‘थँक्यू हं,’’ म्हणाली. ‘‘भाकऱ्या गार होतील.’’ आणि आत गेली.

मी भडकलो तो तेव्हा. माझ्या बायकोच्या फोटोला नावे ठेवली म्हणून मी भडकलो, असे हेमंत आजवर सर्वांना सांगतात. नावे ठेवली तेव्हा मी बसून होतो, याला मृणाल साक्षीदार आहे. मी उठलो ते त्या ‘मग’वर. ‘‘हेमंत,’’ मी म्हणालो, आणि आवाज चढला होता हे खरे, ‘‘आधी म्हणालात ते चुकीचं होतं, पण निदान फोटोविषयी होतं. आता जे म्हणताय ते कशाविषयी आहे? दगड बघा. मोठा करा आणि दगड बघा.’’ ते म्हणाले, ‘‘काका, तुम्ही इमोशनल होताय, आम्ही समजू शकतो.’’ यावर मी प्रोजेक्टरची वायर ओढली आणि आजची बैठक संपली असे जाहीर केले. घराबाहेर कोणाला काढले नाही. लोक आपण होऊन उठले. दत्ता तर भाकरी खाऊन गेले, कारण नलिनीने त्यांना वाढले.

दुसऱ्या दिवशी तिने पिशवीची टाच उसवली आणि वाल पातेल्यात भिजत घातले. मी विचारले तेव्हा म्हणाली, ‘‘जुने झालेत. आता नाही वापरले तर किडे पडतील.’’ मोड आले, तिने ते एकेक सोलले, बिरडे केले. शिजायला फार वेळ लागला. मी म्हटले, पिशवी वाळूने भरू. ती म्हणाली, ‘‘बघू.’’ मी म्हटले, मंडळ गेले खड्ड्यात, तू माझ्यासाठी काढ. त्यावर ती जे म्हणाली ते मी अजून विसरलो नाही. ‘‘तुम्ही नवरा आहात हो. तुम्हाला आवडणारच.’’

तिला परक्याची नजर हवी होती, आणि ती आता या गावात तिला मिळणार नव्हती. एकदा कळले की फोटो कंपवात झालेल्या बाईचा आहे, की मग तो कोणालाही दिसेना. ते मला महिन्याभरातच कळले. मंडळाने तळ्याकाठच्या सभागृहात प्रदर्शन भरवले आणि आम्हांला न विचारता तो फोटो दाराशीच टांगला. खाली शीर्षक होते, ‘जिद्द’, आणि त्याखाली तिच्या आजाराचे नाव. बायका तिला येऊन मिठी मारत होत्या. एक गृहस्थ तिला म्हणाले की माझ्या आईलाही हेच आहे. ती सगळ्यांशी बोलली. रिक्षात बसल्यावर म्हणाली, ‘‘माझं नाव मोठ्या अक्षरात हवं होतं असं नाही, पण नदीचं नाव तरी लिहायचं.’’

मी हेमंतांना फोन केला आणि शीर्षक काढा म्हणालो. ते म्हणाले, ‘‘काका, लोकांना किती आवडलंय बघा ना.’’ पुढे मी मंडळात गेलो नाही. हल्ली मंडळात पुष्कळ सभासद आहेत असे ऐकतो; घरी कोणी जमत नाही, फोनवर फोटो पाठवतात आणि खाली अंगठे उमटतात. मृणालची पुण्याला बदली झाली. मध्यंतरी दत्ता रस्त्यात भेटले. खाडीवर आता पक्षी कमी झाले म्हणाले, लेन्स कपाटात आहे म्हणाले, आणि ‘काकी’ असे काहीतरी सुरू करून थांबले. मीही त्यांना मदत केली नाही.

नलिनीला जाऊनही आता बराच काळ झाला. कॅमेरा माझ्याकडे आहे. मधूनमधून मी तो उघडतो, पुस्तिका समोर घेतो आणि एखादे चक्र फिरवतो. मला अजूनही त्यातले फारसे कळत नाही. समजणारी ती होती. खिडकीतून अंगण दिसते, पण तिथे टिपण्यासारखे काय आहे हे मला एकट्याला दिसत नाही. मुलगी म्हणते, बाबा, हेमंतकाका वाईट नाहीत, तुम्ही इतक्या वर्षांनी कशाला वाद उकरता? वाईट नाहीतच. म्हणून तर त्यांचे सगळे खरे मानतील. स्मरणिका ग्रंथालयात राहील, आणि माझ्यामागे कोणी ती उघडली तर वाचेल की आजार वाढला, हात चालेना, म्हणून तिने कॅमेरा ठेवला. तिच्या हातावर दोष जाईल. तो मी जाऊ देणार नाही.

आजार वाढला होता, हे मी नाकारत नाही. चालणे मंदावले, आवाज बारीक झाला, अक्षर मुंगीएवढे झाले. पण शेवटच्या हिवाळ्यात, ज्या काळात म्हणे तिचा हात चालत नव्हता, माझ्या जुन्या काळ्या कोटाचे बटण तुटले. मी चष्मा लावून, खिडकीशी जाऊन, बराच वेळ झटलो आणि मला ते जमले नाही. तिने माझ्या हातातून सुई घेतली, दोरा ओठांत ओला केला आणि पहिल्याच खेपेस ओवला.